गरोदरपणात फोटोग्राफीचं काम सुरू करायचं तर: नोकरी, कॅमेरा आणि तारखांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात खासगी कंपनीत नोकरी, पहिलंच बाळ, चौथा महिना संपत आलाय. नवऱ्याची नोकरी चालू आहे, हाताशी अडीच लाख आहेत. फोटो चांगले येतात, ओळखीतल्या दोघी-तिघींनी डोहाळजेवणाचे आणि बारशाचे फोटो काढून देशील का म्हणून विचारलंय. नोकरी सोडून आत्ताच सुरुवात करावी की बाळंतपण झाल्यावर?

नोकरी आत्ता सोडू नका. काम मात्र आत्ता सुरू करा, आणि एकच चाळणी लावा: ऐनवेळी तुम्ही झोपून राहायची वेळ आली तर ही ऑर्डर दुसऱ्या कुणाला देता येईल का? येत असेल तर घ्या. ‘ताई, तुम्हीच हव्यात’ अशी ऑर्डर कितीही पैशांची असली तरी या वर्षी नको.

नोकरीचं आधी, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. आज राजीनामा दिला तर हे सगळं जातं. शिवाय कंपनीच्या गट विम्यात बाळंतपणाचा खर्च बसत असेल तर तोही जातो. बाहेरून नवी पॉलिसी घेऊन ही भरपाई होत नाही. वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीसाठी प्रतीक्षा काळ असतो, बहुतेक ठिकाणी तो वर्षांत मोजला जातो, त्यामुळे या बाळंतपणाला तिचा उपयोग शून्य. एचआरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: प्रसूतीची मर्यादा किती, आणि बाळाचं नाव विम्यात घालायला जन्मानंतर किती दिवसांची मुदत आहे. बाळाला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं तर ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महाग पडते.

आता एक कलम जे फारसं कुणी वाचत नाही. मातृत्व लाभाच्या कायद्यात स्पष्ट आहे की रजेच्या काळात दुसऱ्या आस्थापनेत काम केलं तर तेवढ्या काळाच्या लाभावरचा हक्क जातो. स्वतःची फोटोग्राफी ‘आस्थापना’ ठरते का यावर वकील वाद घालू शकतील, पण तो वाद तान्ह्या बाळाला घेऊन तुम्ही घालू नये. शिवाय नेमणूकपत्रात बाहेरचं काम करू नये अशी अट बहुधा असते. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी काम करायची परवानगी मेलवर मागा, आणि रजेच्या २६ आठवड्यांत एकही बिल फाडू नका. बिल नवऱ्याच्या नावाने आणि कॅमेरा तुमच्या हातात, हा उपाय नाही. पकडलं जायला इन्स्टाग्रामवर टाकलेली एक स्टोरी पुरते.

म्हणजे आजपासून २८व्या आठवड्यापर्यंत सुमारे दहा आठवडे काम, मग आवराआवर, मग रजा. रजा ३२व्या आठवड्याला सुरू केली तर बाळ चार महिन्यांचं झाल्यावर ती संपते. बाळ झाल्यावरची पहिली पगारी ऑर्डर त्यानंतरची धरा.

पैशांची विभागणी

अडीच लाखांतले एक लाख चाळीस हजार बाजूला काढा आणि कॅमेऱ्यासाठी त्यांना हात लावू नका. विमा असला तरी दवाखान्यात अनामत, खोलीच्या भाड्यातला फरक, हातमोजे-डायपरसारख्या नामंजूर वस्तू हे खिशातूनच जातं. उरले एक लाख दहा हजार. कॅमेरा आणि लेन्स मिळून ७५ हजार, फ्लॅश, तो दुरून पेटवणारा ट्रिगर, स्टँड आणि उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स १५ हजार, दोन हार्ड डिस्क १२ हजार, कार्डं, जादा बॅटरी, ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड), पार्श्वभूमीचे कागद ८ हजार. या मर्यादा आहेत, बाजारभाव नाहीत. त्यात बसत नसेल तर कॅमेरा एक पिढी जुना घ्या, हार्ड डिस्क मात्र दोनच.

कॅमेऱ्याची बॉडी निवडताना मेगापिक्सेलपेक्षा कार्डाचे खण मोजा. बारशात नाव एकदाच ठेवतात. कार्ड गेलं तर तो क्षण परत मागता येत नाही. वापरलेल्या कॅमेऱ्यांत निकॉन डी७५०, झेड५ आणि सोनी ए७ थ्री यांना दोन खण आहेत. निकॉन डी७५०० आणि कॅनन आर८ यांना एकच. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) लिहायला लावा. ‘पहिलं भरलं की दुसरं’ हा पर्याय कॅमेऱ्यात आधीपासून निवडलेला असू शकतो, तो बदला. गरोदरपणात वजनही बघायला हवं: झेड५ बॅटरीसकट ६७५ ग्रॅम, त्यावर एफ/२.८ची (जास्त उजेड घेणारी, जड) झूम लेन्स आणि फ्लॅश चढवला की एकूण दोन किलोच्या आसपास. ५० एमएम एफ/१.८सारखी हलकी लेन्स लावून तीन तास काढता येतात. दोन किलो गळ्यात अडकवून सहाव्या महिन्यात पाठ धरते. मोठी झूम लागेल त्या दिवशी भाड्याने आणा.

जुनी वस्तू घेताना पांढऱ्या भिंतीचा एफ/१६वर (लेन्सचं छिद्र अगदी लहान करून), फोकस मुद्दाम चुकवून फोटो काढा; सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. लेन्सची दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. सिरीयल नंबर असलेलं मूळ बिल मागा, विम्याला तेच लागतं.

कोणतं काम घ्यायचं

तुमच्या परिस्थितीला सगळ्यात योग्य काम म्हणजे घरच्या टेबलावरचं प्रॉडक्ट शूट. त्याला मुहूर्त नसतो, वस्तू तुमच्याकडे येते, बसून करता येतं, आणि अर्धवट राहिलं तर उद्या होतं. साडीवाल्या, इमिटेशन दागिने विकणाऱ्या, घरगुती केकवाल्या, दिवाळीचा फराळ विकणाऱ्या अशा ग्राहक सोसायटीच्या ग्रुपवरच सापडतात.

चार बाय अडीच फुटांचं टेबल खिडकीला काटकोनात लावा. खोलीतले दिवे बंद. खिडकीसमोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, सावली मऊ होते. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ ते एफ/११, ट्रायपॉड. ॲमेझॉनसाठी फोटो हवा असेल तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी (२५५, २५५, २५५) लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा, आणि झूम चालण्यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल. पांढरा कागद फोटोत राखाडी येतो, कारण कॅमेऱ्याचं मीटर सगळ्याला मध्यम राखाडी समजतं. एक ते सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) एक्स्पोजर वाढवा, किंवा मागच्या कागदावर वेगळा फ्लॅश टाका.

पैठणीपाशी थोडं थांबायला हवं, कारण पुण्यात ती येणारच आणि तक्रारही तिचीच येते. जांभळी पैठणी फोटोत निळी दिसते. यात दोन चुका एकत्र असतात. पहिली, खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट मिसळलेले असतात, त्यामुळे एका घडीला व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंगांची जुळणी) जुळवला की दुसरी बिघडते. दुसरी, जांभळा रंग डिजिटल सेन्सर मुळातच निळ्याकडे झुकवून टिपतात. उपाय: एकच प्रकाशस्रोत, प्रत्येक साडीच्या पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, आणि एडिटिंगमध्ये फक्त जांभळ्याचा ह्यू (रंगछटा) थोडा लालीकडे. मग साडी मॉनिटरशेजारी धरून बघा. जरीवर थेट फ्लॅश मारला तर पदर पांढराफटक होतो. फ्लॅश बाजूला, जवळजवळ पदराच्या पातळीत ठेवला की मोराचे पिसारे उठून दिसतात. ही एक तक्रार मिटवता आली तर साडीवाली तुम्हाला सोडत नाही, कारण ‘फोटोत वेगळी, हातात वेगळी’ म्हणून परत आलेल्या साडीचा कुरियरखर्च तीच भरत असते.

समारंभ घेणार असाल तर घरगुती आणि तीन तासांपर्यंतचे. लग्न, हळद नको: गर्दी, डीजे, दहा-बारा तास उभं राहणं, आणि बदली फोटोग्राफर लग्नसराईत मिळत नाही. वरून फोटो काढायला खुर्चीवर, स्टुलावर चढू नका. पोट वाढतं तसा शरीराचा तोल बदलतो आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर पायाखालचं दिसत नाही. २८ आठवड्यांनंतर समारंभ बंद. डॉक्टरांनी आधीच सांगितलं तर आधीच.

डोहाळजेवणात हिरवी साडी असते, आणि तिचा हिरवा रंग खालून हनुवटीवर चढतो. सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या थोडा वर आणि जवळ ठेवला की तो दबतो. फ्लॅश छतावर मारण्याआधी छताचा रंग बघा. पिस्ता रंगाच्या छतावरून आलेला उजेड सगळ्यांना आजारी दाखवतो. हॉलमधल्या एलईडींमुळे फोटोत आडवे पट्टे येत असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा आणि शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, त्या लयीत शटर बसलं की पट्टे जातात. पेढा की बर्फी ही वाटी उघडण्याची गंमत समोरून आणि बसलेल्या उंचीवरूनच घ्या. हात नव्हे, डोळे फोकसमध्ये हवेत. जाता जाता: परदेशी व्हिडिओ बघून कुणी ‘जेंडर रिव्हील’ शूट मागितलं तर नाही म्हणा. जन्माआधी लिंग उघड करणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

बारशात हमखास चुकते ती जागा. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकते, त्याच क्षणी बाकीच्या बायका आणि पोरं तिच्या पाठीत धपाटे घालायला झेपावतात, आणि फोटोत फक्त पाठी येतात. पाळण्याच्या पलीकडे, आत्याच्या समोर, गुडघाभर उंचीवर २४ ते ३५ एमएम लेन्स घेऊन आधीच बसा (खाली बसणं जमत नसेल तर बसायला छोटं स्टूल मागून घ्या). आत्याला आधी सांगून ठेवा: कानाशी तोंड नेल्यावर मनात तीन आकडे मोजा, मग वर या. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’च्या वेळी पाळण्याखालचा हात अंधारात असतो, त्यासाठी आयएसओ ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका.

नवजात बाळांना टोपलीत, हातांवर हनुवटी टेकवून झोपवलेले फोटो काढण्याचा मोह या वर्षी टाळा. तो फोटो खरं तर दोन फोटो जोडून बनतो. प्रत्येक वेळी कुणाचा तरी हात बाळाचं डोकं धरून असतो. हे शिकल्याशिवाय कुणाच्या बाळावर प्रयोग करायचा नसतो. आपल्याकडे बहुतेक बाळंतिणी माहेरी असतात आणि सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे पाळण्यातलं, आजीच्या मांडीवरचं, खिडकीच्या उजेडातलं साधं शूट जास्त खपतं.

बदलीची व्यवस्था

पहिली ऑर्डर घेण्याआधी दोन फोटोग्राफर ठरवा. एक नको, कारण तोही त्याच दिवशी कुठेतरी असेल. त्यांच्याशी दिवसाचा दर, जाण्या-येण्याचा खर्च आणि चार अटी मेसेजवर लिहून घ्या: फोटो तुमच्या कार्डांवर काढायचे, रॉमध्ये काढायचे, कॅमेऱ्याचं घड्याळ तुमच्या फोनशी जुळवून घ्यायचं, आणि ग्राहकाला स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड द्यायचं नाही. घड्याळाची अट क्षुल्लक वाटते. दोन कॅमेऱ्यांत वीस मिनिटांचा फरक असला की ओटी भरण्याआधीच औक्षण झालेलं दिसतं आणि आठशे फोटो हाताने लावावे लागतात. बदल्यात त्यांच्या ऑर्डरचं एडिटिंग तुम्ही करून द्या, त्यांना लग्नसराईत तेच हवं असतं. नवऱ्यालाही सगळ्या ऑर्डरींची यादी दिसेल अशी एक शीट ठेवा: तारीख, पत्ता, ग्राहकाचा नंबर, किती पैसे आले, बदली कोण.

ग्राहकाला गरोदरपण लपवू नका. करारात सरळ लिहा: वैद्यकीय कारणाने मी येऊ शकले नाही तर अमुक दोघांपैकी एकजण येईल, एडिटिंग माझंच, ते नको असल्यास पूर्ण रक्कम परत. याच कारणासाठी घेतलेला ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात ठेवा आणि काम होईपर्यंत तो आपला समजू नका. इसार ३० टक्के, समारंभाच्या दिवशी ५०, अंतिम फोटो देण्याआधी २०. फोटो हातात पडल्यावर उरलेले पैसे मागणं हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे.

करारात आणखी दोन ओळी हव्यातच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. फोटोग्राफर उलटं समजून चालतात. स्वतःच्या प्रसिद्धीसाठी फोटो वापरायचे असतील तर तसा हक्क लिहून घ्या, आणि लहान मुलांच्या फोटोंसाठी आई-वडिलांची वेगळी सही. फोटो किती, किती दिवसांत, तेही लिहा. दहा दिवसांत होणार असेल तर तीन आठवडे लिहा.

दर

‘अल्बमसकट आठ हजार’ हा सुरुवातीचा लाडका दर आहे. तो तपासून बघू. बोलणी एक तास, जाणं-येणं दोन, शूट तीन, कॉपी आणि निवड दोन, ८० फोटोंचं एडिटिंग प्रत्येकी चार मिनिटांनी सुमारे साडेपाच, अल्बमचं डिझाइन आणि ग्राहकाच्या दुरुस्त्या तीन. एकूण साडेसोळा तास. खर्च: सामान तीन वर्षांत झिजतं असं धरून महिना सुमारे तीन हजार, सॉफ्टवेअर-विमा-साठवण दोन हजार; महिन्याला चार ऑर्डरी असतील तर एकीच्या वाट्याला १,२५०. मदतनीस हजार, रिक्षा पाचशे, लॅबचा अल्बम चार हजार धरू. झाले ६,७५०. उरले १,२५०, म्हणजे तासाला पंचाहत्तर रुपये. तीनशे रुपये तास हवा असेल तर दर ११,७०० येतो. तेवढा मिळत नसेल तर अल्बम काढून टाका: खर्च २,७५०, तास साडेतेरा, दर ६,८००. सात हजार सांगा आणि अल्बमचे पैसे वेगळे, डिझाइन पक्कं झाल्यावर घ्या. करिझ्मा (जाड छापील पानांच्या) अल्बमच्या दुरुस्त्या महिनोन्महिने चालतात आणि बाळ झाल्यावर नेमक्या त्याच मागे लागतात. यंदा अल्बमच घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदपत्रं थोडी आहेत. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधार-पॅनवर ऑनलाइन आणि मोफत होते. पैसे मागणारी साइट खोटी. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असतील तर शॉप ॲक्टखाली (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखाली) फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पगार त्यात धरत नाहीत. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू मात्र नका. पगारासोबत व्यवसायाचं उत्पन्न आलं की आयटीआर-१ (साध्या पगारदारांचा प्राप्तिकर विवरणाचा फॉर्म) चालत नाही, हे सीएला आधीच सांगा.

बाळ घरी आल्यावर

२८व्या आठवड्यापासून रजेपर्यंतचा वेळ उधारी मिटवायला. सगळ्या ऑर्डरी पोहोचवा, दोन्ही डिस्कवर प्रत आहे ना ते फाइल उघडून बघा, त्यातली एक डिस्क सासरी किंवा माहेरी ठेवा. दोन्ही प्रती उघडल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. २४ मेगापिक्सेलच्या आठशे रॉ फाइल्स साधारण २० ते २५ जीबी होतात. त्या रात्रीत क्लाउडवर जातील असं गृहीत धरू नका.

कॅमेरा बाळंतिणीच्या खोलीत ठेवू नका. पावसाळ्यात तिथे लंगोट वाळत असतात, हवा दमट होते आणि लेन्सला बुरशी धरते. शेक-शेगडी, ओव्याची धुरी होत असेल तर धुराचा चिकट थरही बसतो (ती धुरी बाळाच्या फुप्फुसांनाही चांगली नसते, पण हे सासूबाईंना डॉक्टरांकरवी सांगा). घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या.

सिझेरियन झालं तर पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असं सांगतात. स्टँड, सॉफ्टबॉक्स, बॅग सगळं त्यात आलं. रजेत हात चालू ठेवायचा असेल तर खिडकीशी स्वतःच्या बाळाचे फोटो काढा, एडिटिंगचे प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग्ज) नीट बसवा, बिलाचा नमुना तयार करा.

परतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत आठवड्याला एक प्रॉडक्ट शूट आणि महिन्याला एकच समारंभ घ्या, तोही अशा दिवशी जेव्हा बाळाला सांभाळणारं माणूस आधीपासून नक्की आहे. दूध पाजत असाल तर तीन तासांच्या शूटला जाण्या-येण्यासकट पाच तास लागतात. मधल्या वेळेसाठी दूध काढून ठेवणं किंवा यजमानांकडे एक बंद खोली मागणं बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या. बारसं किंवा बोरनहाण असलेल्या घरात ही मागणी कुणाला वावगी वाटत नाही.